चिमणीची सर्विस

आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर एक धुराडं आहे. आहे म्हणजे आता निम्मंच आहे, पण ते पुढं सांगतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं कौलारू घर, आज्ज्यानं बांधलेलं, तेव्हा घरात अठरा माणसं आणि तीन चुली होत्या म्हणे, त्यामुळं धुराडंही त्या हिशेबानं, एखाद्या गुऱ्हाळाला उसनं दिलं असतं तरी चाललं असतं एवढं. गॅस आल्यापासनं त्याला काही काम नाही. पारवे राहायचे, भाडं न देता.

तर एप्रिलात एका रविवारी जेवायला बसलोय, आई पांढरा रस्सा वाढतीय, आणि वरनं धप्पकन अर्धी वीट जुन्या चुलीच्या ओट्यावर आली. मागोमाग मूठभर काजळी, ती बरोबर पांढऱ्याच्या पातेल्यात. "तांबडा झाला, पांढरा झाला, आता काळा पण चाखू," असं मी म्हटलं. घरात कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लई शहाण्यासारखं मोबाईलवर 'चिमणी रिपेअर' शोधून फोन लावला. पलीकडची पोरगी गोड बोलली. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, घेऊन किती वर्षं झाली? म्हटलं ऐंशीएक तरी झाली असतील. "मग वॉरंटी संपली असेल सर," म्हणाली. तरी दुपारी एक पोरगा बॅग घेऊन हजर. फिल्टर कुठाय म्हणाला, मी वर बोट दाखवलं, त्यानं ओट्यावर वाकून आत डोकं घातलं आणि पारव्यानं वरनं त्याचं यथोचित स्वागत केलं. व्हिजिट चार्ज साडेतीनशे रुपये मात्र घेऊन गेला. आता ह्यात त्याची तरी काय चूक, आपल्या भाषेत पाखरू पण चिमणी, रॉकेलचा दिवा पण चिमणी आणि मिलची ती पण चिमणीच.

मग गल्लीतल्या तात्यांनी एक म्हातारे गवंडी मामा आणले. मामांनी शिडी लावली, वर गेले, विटेला नख लावलं तर विटेचं पीठ खाली. वरनंच ओरडले, "कोण शाणा हुता ह्यो? चुन्यातल्या कामाला सिमीट फासलंय!"

आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या पपांच्या फोटोकडं बघितलं.

मामांचं म्हणणं असं, की चुना मऊ, तो पाणी पितोय आणि ऊन पडलं की सोडून देतोय. सिमेंट सोडत नाही, पाणी आतच कोंडतंय, मग वीट भिजून भिजून पापुद्र्यानं सुटते. "रेनकोट घालून गड्याला जोर मारायला लावलं तर काय हुईल त्याचं? तसं झालंय इटंचं." त्यात विटांच्या फटीत पिंपळ आलेला, चांगला हातभर. तो नुसता वरनं छाटून भागत नाही, मूळ काढावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसात दुप्पट. आई म्हणाली पिंपळाला हात लावायचा नाही. मामा म्हणाले आपन बी लावत न्हाई, नारळ आना. नारळ फुटला, माफी मागितली, आणि सध्या पिंपळ तेलाच्या डब्यात परड्यात आहे.

पुन्हा बांधायचं तर चुना मळायला हिरड्याचं पाणी आणि गूळ लागणार म्हणाले. आईनं लगेच विचारलं, गूळ कुठला, पिवळा चालतोय का बिनकेमिकलचा? कोल्हापुरात गूळ म्हटलं की विषय भरकटतोय, तो तासभर भरकटला. शेवटी खर्च ऐकला आणि काढूनच टाकायचं ठरलं. कट्ट्यावर तात्यांना ते पटलं नाही. "शाहू मिलची चिमणी बघ की, १९०६ ची मिल, मिल बंद पडली तरी चिमणी ताठ हाय, आनि तुमची?" मीच लहानपणी दूध कमी प्यायल्यासारखं ते माझ्याकडं बघत होते.

मामांना सवड मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मृगाच्या आधी झालंच पाहिजे, नाहीतर कौलाच्या सांध्यातनं धार लागते. आणि नेमका तोच आठवडा आमच्या घरात चटणीचा. बाहेरच्या माणसाला सांगतो, चटणी म्हणजे ताटातली नव्हे, वर्षाचं तिखट. पाच किलो मिरची, ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून, अंगणात साडीवर वाळत घातलेली. वर काम चालू होणार, धूळ उडणार, म्हणून मीच हुशारीनं म्हटलं, सगळं आत घ्या. मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, तळलेला कांदा, सगळं स्वयंपाकघरात सतरंजीवर पसरलं. मामांनी मला सांगितलं होतं, खालचं तोंड ओल्या पोत्यानं गच्च बांधा. मी बांधलं. ओलं करायचं राहिलं, आणि गच्च हा शब्द पण मी जरा सैलच घेतला.

धुराडं वरनं एकेक वीट काढत उतरवायचं असतं, ढकलून पाडायचं नसतं. मामांनी निम्मं अगदी नीट उतरवलं. मग आतल्या बाजूला एक पहार लागली आणि काही वर्षांची काजळी, पारव्यांची घरटी, पपांचं सिमेंट आणि माझं पोतं असं सगळं एकदम खाली आलं. स्वयंपाकघर दिसायचं बंद झालं. धुरळा बसल्यावर सतरंजीवर फक्त काळी टेकडी. बायको म्हणाली, "मी बोललो होतो, पोतं भिजवा." आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पुण्याला तुझ्या बहिणीकडं दे धाडून, तिकडं काळा मसालाच खातात."

राहिलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी काढायचं होतं. पण मामांनी तिसरी वीट हलवली तोवर खालनं आरडाओरडा. अख्ख्या गल्लीची केबल, इंटरनेटच्या वायरी, कुणाची तरी डिश आणि शेजारच्या वहिनींची धुणं वाळत घालायची तार, सगळं आमच्या धुराड्याला बांधलेलं, आणि आयपीएलची मॅच शेवटच्या ओव्हरीत. केबलवाला म्हणाला वायरी हलवायच्या तर पावसाळा होऊ दे. तात्या म्हणाले, बघ, म्हनत हुतो न्हवं.

म्हणून निम्मं राहिलं. मामांनी सिमेंट खरवडून चुन्यानं सांधे भरले, वर शहाबादी फरशी ठेवली, कौलाच्या कडेला पत्रा वाकवून आत सारला. गूळ पावशेर लागला, अर्धा किलो आणला होता, उरलेला बिगाऱ्यानं चहात घातला.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. आम्ही सगळे ओट्यापाशी वर बघत उभे. थेंब नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला, तीच गोड पोरगी. "सर, तुमच्या चिमणीच्या सर्विसवर ऑफर आहे, टेक्निशियन पाठवू का?"

आईनं माझ्या हातातनं फोन घेतला. "पाठव की बाळ. येताना पाच किलो मिरची घेऊन याला सांग त्याला. ब्याडगी जास्त."