‘पॉइंटर द्या, बाकी लायब्ररी बघते’ : हे खरं नाही

नाशिकमध्ये प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ॲरे (एकाच प्रकारच्या आकड्यांची रांग) म्हणजे मेमरीतले सलग बाइट, त्यामुळे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पाठवताना पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी दिली की झालं. टाइप (आकडा पूर्णांक की दशांश, आणि किती बिटांचा) चुकला तर प्रोग्रॅम बंद पडतो, म्हणजे चूक लगेच कळते. आजच्या लायब्ररी (वापरायला तयार मिळणारा कोड) रूपांतर आपोआप करतात. आणि तरीही शंका असेल तर सगळं डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश आकड्यांत, पाठवा.

मी अंबडच्या एका कारखान्यात चाचणी यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. सेन्सरचे आकडे सीमधून येतात, गणित सी प्लस प्लसमध्ये होतं, आलेख पायथनमध्ये निघतात. दोन भाषांमधली ही वेस रोज ओलांडावी लागते. हा मेसेज खरा मानून कामाला लागणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बाइट सलग असतात, हे खरं. पण आठ बाइटांमध्ये एक आकडा आहे की दोन, हे त्या बाइटांवर कुठेच लिहिलेलं नसतं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत १.०, २.०, ३.०, ४.० असा ॲरे केला तर प्रत्येक आकडा ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा होतो. तो सीमधल्या ३२ बिटांचे दशांश आकडे, म्हणजे फ्लोट, घेणाऱ्या फंक्शनला नुसत्या पॉइंटरने द्या आणि लांबी ४ सांगा. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर ते फंक्शन वाचतं: ०, १.८७५, ०, २. शेवटच्या दोन आकड्यांपर्यंत ते पोचतच नाही.

‘चूक लगेच कळते’ या वाक्याचं उत्तरही यातच आहे. प्रोग्रॅम कोसळला असता तर बरं झालं असतं. इथे तो व्यवस्थित चालला. १.८७५ हा आकडा प्रेशरचा म्हणून आलेखावर आला तर कुणाला खटकणारही नाही.

टाइप जुळला आणि मांडणी जुळली नाही, तर चूक याहून खोल लपते. सी आणि नमपाय तक्ता ओळीने मेमरीत ठेवतात, फोर्ट्रान आणि मॅटलॅब या भाषा रकान्याने. नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके आणि १२ महिने असा पावसाचा तक्ता घ्या. तो नमपायमधून जसाच्या तसा फोर्ट्रानच्या १५ बाय १२ ॲरेत गेला, तर जानेवारीच्या रकान्यात पहिल्या तालुक्याचे बाराही महिने आणि दुसऱ्याचे पहिले तीन जाऊन बसतात. यादीत इगतपुरी पहिली आणि येवला सातवा असेल, तर इगतपुरीचा जुलैचा पाऊस येवल्याच्या जानेवारीत पडतो! एकूण बेरीज मात्र तंतोतंत तीच येते. बेरीज जुळली म्हणून काम बरोबर, असं समजणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

आता ‘आपोआप रूपांतर’. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. सी प्लस प्लसमध्ये आम्ही एक फिल्टर लिहिला होता. तो दिलेल्या ॲरेतच दुरुस्त आकडे लिहायचा, आणि पायबाइंड ११ या जोडणी करणाऱ्या लायब्ररीने तो पायथनला जोडला होता. चाचणीत उत्तम चालला. यंत्रावर लावला तर आकडे जसेच्या तसे, कुठेही एरर नाही. कारण असं निघालं की चाचणीत आम्ही डबलचा ॲरे देत होतो आणि यंत्राकडून १६ बिटांचे पूर्णांक येत होते. फंक्शनला डबलचा ॲरे हवा होता, म्हणून लायब्ररीने गुपचूप एक नवी डबल प्रत तयार केली. फिल्टरने त्या प्रतीत इमानाने काम केलं, आणि काम संपल्यावर ती प्रत टाकून दिली गेली. मूळ ॲरेला कुणी हातही लावला नाही.

रूपांतर झालं होतं, मेसेजमध्ये म्हटल्याप्रमाणे अगदी आपोआप. तेच नडलं. त्या आर्ग्युमेंटवर, म्हणजे फंक्शनला द्यायच्या ॲरेवर, ‘नोकन्व्हर्ट’ (रूपांतर नको) असं लिहिलं असतं तर टाइप जुळला नाही की लगेच एरर मिळाली असती. फोर्ट्रान पायथनला जोडणारं एफटूपाय या बाबतीत बरं: ॲरे ‘इनआउट’ (त्यातच बदल लिहायचा) म्हणून जाहीर केला असेल आणि टाइप किंवा मांडणी जुळली नाही, तर ते काम नाकारतं. पायथनमधून सीची फंक्शनं बोलावणाऱ्या सीटाइप्स लायब्ररीत मात्र आर्ग्युमेंटचे टाइप आपणच जाहीर करावे लागतात. नुसता पत्ता दिलात तर त्या पत्त्यावर काय आहे, हे तपासायला कुणी येत नाही.

विनाप्रत, म्हणजे नवी प्रत न करता, देवाणघेवाण शक्यच नाही, असं मी म्हणत नाही. २०१६ साली सुरू झालेला अपाची ॲरो हा डेटाच्या मांडणीचा प्रकल्प हेच करतो. पण तिथे प्रत्येक रकान्याचा टाइप डेटाबरोबर लिहून पाठवलेला असतो. त्याचा दाखला देऊन ‘टाइपची काळजी नको’ म्हणणं चुकीचं आहे.

टाइपचं नाव सारखं असूनही आकार वेगळा असू शकतो, म्हणून ‘लाँग’ या पूर्णांकाच्या टाइपबद्दल थोडक्यात. ६४ बिटांच्या विंडोजवर सीमधला लाँग ४ बाइटांचा, लिनक्सवर ८ बाइटांचा. नमपायचा नेहमीचा पूर्णांकही विंडोजवर ३२ बिटांचा होता, २०२४ च्या २.० आवृत्तीपासून तो ६४ बिटांचा झाला. ‘काल चालत होतं’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. दोन्हीकडे रुंदी (बिटांची संख्या) नावातच असलेले टाइप वापरा, इंट ३२ किंवा इंट ६४.

राहिला ‘सगळं डबल करा’ हा सल्ला. डबलमध्ये २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ इथपर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक बसतात. त्याच्या पुढचा, शेवटी ३ असलेला आकडा पाठवलात तर पलीकडे २ पोचतो. जावास्क्रिप्टचा साधा नंबर डबलच असतो, त्यामुळे लांबलचक व्यवहार क्रमांक तिथेच बिघडतात. शिवाय १६ बिटांची एक कोटी निरीक्षणं २ कोटी बाइटांत मावतात, डबल केल्यावर त्यांना ८ कोटी लागतात. आणि नसलेल्या आकड्याचं काय? लासलगावला लिलाव बंद असलेल्या दिवशी कांद्याचा भाव नसतो. आर भाषेच्या पूर्णांक ॲरेत ती रिकामी जागा आतून −२१४७४८३६४८ अशी ठेवलेली असते. आरला तिचा अर्थ माहीत असतो. सी ती सरळ भाव म्हणून वाचतं, आणि तो आकडा नंतर डबल केलात तरी भावच राहतो.

आमच्याकडे आता कुठलीही नवी जोडणी खऱ्या डेटावर जाण्याआधी दोन छोटे ॲरे पलीकडे पाठवतो आणि तिकडे छापून बघतो. पहिला २ बाय ३ चा, १ ते ६ आकड्यांचा. चौरस मुद्दाम घेत नाही, कारण ओळी आणि रकाने सारखे असले की आकाराची अदलाबदल कळत नाही. पहिल्या ओळीत १, ३, ५ दिसले तर मांडणी उलटली. दुसऱ्यात नुसता −१ असतो. तो ६५५३५ होऊन आला तर पलीकडचा माणूस १६ बिटांचा आकडा चिन्हाशिवाय वाचतो आहे.