कॅज्युअल्टीच्या काउंटरवर फौजी हजर नसतो

फौजेतल्या माणसाच्या घरच्यांसाठी औषधपाण्याची सोय आहे आणि कागदावर पाहिलं तर ती चांगलीच आहे. नोकरीत असलेल्या जवानाच्या बायकोपोरांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना मिलिटरी हॉस्पिटल, पेन्शनीवर आलेल्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. त्यामुळे भावकीत, बचत गटात, लग्नाच्या पंगतीत आम्हाला एकच ऐकायला मिळतं, "तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला सगळं फुकट."

फुकट नाही. ईसीएचएसमधला सी हा काँट्रिब्युटरीचा आहे, म्हणजे वर्गणीचा. १ एप्रिल २००३ ला ही योजना सुरू झाली. आज निवृत्त होताना हवालदारापर्यंतच्या माणसाला ३० हजार, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार आणि अधिकाऱ्याला १ लाख २० हजार रुपये एकरकमी भरावे लागतात. पंधरा-वीस वर्षं बर्फात आणि वाळवंटात काढल्यावर आपल्याच पैशातून घेतलेली ही हमी आहे. तेव्हा त्यातली त्रुटी दाखवली की लगेच "एवढं मिळतं तरी रडतात" असं कुणी म्हणू नये.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ही सगळी व्यवस्था असं धरून चालते की तातडीच्या वेळी काउंटरवर फौजी स्वतः उभा आहे. कार्ड कुठलं, फॉर्म कुठला, फोन कुणाला करायचा, साहेबांशी कसं बोलायचं, हे त्याला येतं. पण तो नसतो. नोकरीत असेल तर हजार-दोन हजार किलोमीटरवर असतो. निवृत्त असेल तर बऱ्याचदा स्ट्रेचरवर तोच असतो, नाहीतर तो वारलेला असतो आणि मागे पेन्शनीवर बायको असते. काउंटरवर उभी असते ती बाई. आई, बायको, सून.

आमच्या एकाच घरात दोन नियम चालतात. सासरे नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता ते नाहीत, म्हणून सासूबाई ईसीएचएसमध्ये. मी आणि मुलं ह्यांच्या नोकरीवर, म्हणजे आमचं मिलिटरी हॉस्पिटल. आता नकाशा बघा. सातारा जिल्ह्यात गावंच्या गावं फौजेची. अपशिंगे मिलिटरी हे नाव सगळ्यांनी ऐकलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पण मिलिटरी हॉस्पिटल म्हटलं की आम्हाला पुणं गाठायचं, वानवडीचं कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचं एमएच. साताऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी. कोल्हापूरच्या खालच्या अंगाला राहणारे बेळगावला जातात. रात्री दोनला फिट आलेलं पोर घेऊन कोण पुण्याला निघेल? जो जवळचा दवाखाना उघडा असेल तिथंच माणूस जातो, आणि तसं जायला नियमाची मनाईही नाही. जीवावरचं असेल तर कुठल्याही हॉस्पिटलात न्या, मागाहून कळवा. ईसीएचएसमध्ये पॅनेलबाहेरच्या, म्हणजे योजनेच्या यादीत नसलेल्या, हॉस्पिटलात ॲडमिट केलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला (ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याला) कळवायचं आणि पॅनेलवरचं हॉस्पिटल असेल तर कळवायची जबाबदारी हॉस्पिटलचीच. इतका सरळ नियम आहे.

त्या रात्री हा सरळ नियम कसा चालला ते सांगते.

शनिवार होता. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं, छातीवर कुणीतरी बसल्यावानी वाटतंय." कपाळावर घामाचे थेंब, हात गार. शेजारच्या सुभेदार काकांनी गाडी काढली. मुद्दाम आम्ही ईसीएचएसच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात गेलो. नाव लिहीत नाही, कारण असं एकाच ठिकाणी घडत नाही. कॅज्युअल्टीच्या दारात व्हीलचेअर मिळाली. मी कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने ते उलटं-पालटं करून परत माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "ईसीएचएसचं कॅशलेस सध्या बंद आहे. पन्नास हजार डिपॉझिट भरा." मी म्हटलं, बाहेर बोर्ड आहे पॅनेलचा. ती म्हणाली, बोर्ड आहे, पण मॅनेजमेंटचा निरोप आहे. मग तिने निदान ऑनलाइन नोंद करून बघते म्हणून कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर गेला. तो नंबर ह्यांचा. हे कुठे होते ते लिहिणार नाही, लिहायचंही नसतं, पण तिथे आठवड्यातून एखाद्या वेळी रेंज येते.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा सासूबाई व्हीलचेअरवर, माझ्या मागे हातभर अंतरावर. त्यांनी पदराचा शेव मुठीत आवळून धरला होता आणि काउंटरकडेच बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. पन्नास हजारांचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "चल घरी, बरं वाटतंय मला." हे वाक्य मी विसरू शकत नाही. फौजीच्या बायकोने सबंध आयुष्य काटकसरीत काढलं, नवऱ्याने सरकारकडे वर्गणी भरली, आणि छातीत कळ असताना तिला वाटावं की आपण घरच्यांना खर्चात पाडतोय.

सुभेदार काकांचा आवाज चढला तेव्हा आतून आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर, आले. तरुण डॉक्टर होते, त्यांनी एका शब्दाने कार्डाचं विचारलं नाही. ईसीजी काढला, गोळ्या चावायला दिल्या, सिस्टरना ट्रोपोनिनला (हार्ट अटॅकच्या तपासणीला) रक्त घ्यायला सांगितलं. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ईसीजी व्हायला जो वेळ गेला तो सगळा काउंटरवर गेला. हृदयाची नस पूर्ण बंद झाली असेल तर हॉस्पिटलात पाऊल टाकल्यापासून साधारण ९० मिनिटांत ती उघडायला हवी, आणि ईसीजी तर पहिल्या दहा मिनिटांत निघायला हवा, असं हृदयरोगाचे डॉक्टरच सांगतात. म्हणजे माझी हुज्जत सासूबाईंच्या हृदयाच्या स्नायूंच्या जिवावर चालली होती. डिपॉझिट काकांनी आणि माझ्या भावाने अर्धं-अर्धं फोनवरून भरलं. नस पूर्ण बंद नव्हती, म्हणून निभावलं.

पुढचं दुसरं रामायण. रविवारी पॉलिक्लिनिक बंद. सोमवारी हॉस्पिटल म्हणे, तुम्ही पैसे भरलेत, आता आम्ही कळवायचा प्रश्न नाही. पॉलिक्लिनिकमध्ये गेले तर म्हणे, पॅनेलवरच्या हॉस्पिटलने कळवायला हवं होतं, आणि तुम्ही तिथे पैसे भरलेतच का? कॅशलेस नाकारल्याचं लेखी आणा. हॉस्पिटल लेखी द्यायला तयार नाही, कारण दिलं तर पॅनेलचे नियम मोडल्याचा कागदच त्यांच्याविरुद्ध होतो. या दोन टेबलांमध्ये मी हेलपाटे घालत होते आणि वरती वॉर्डात सासूबाईंना जेवण भरवायला धाकटी जाऊ रजा काढून बसली होती.

हॉस्पिटलवाल्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. सरकारकडून बिलं महिनोन् महिने येत नाहीत. आली तरी कापून येतात. दर सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, आणि त्यातले बरेचसे २०१४ सालचे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीजीएचएसने ते सुधारले आणि डिसेंबर २०२५ पासून ईसीएचएसनेही नवे दर लावले. अकरा वर्षांत सलाइनच्या बाटलीपासून नर्सच्या पगारापर्यंत सगळं वाढलं. तालुक्याच्या गावातलं चाळीस खाटांचं हॉस्पिटल किती काळ उधारीवर चालणार? हे त्यांचं दुखणं खरं आहे. पण ते भांडण त्यांचं आणि दिल्लीचं आहे. ते त्यांनी पत्राने, कोर्टाने, पॅनेल सोडून, हवं तसं लढावं. पॅनेलचा बोर्ड दारावर ठेवायचा आणि वसुलीसाठी व्हीलचेअरवरची म्हातारी वेठीला धरायची, हे मला मान्य नाही. झेपत नसेल तर बोर्ड उतरवा. निदान आम्ही गाडी दुसरीकडे वळवू.

आणि कायदा तर स्पष्ट आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवण्याचे उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी. तो खटला एका स्कूटरवाल्याच्या अपघातावरून उभा राहिला. जवळच्या हॉस्पिटलने त्याला घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. २०१८ मध्ये शिवकांत झा या निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. हॉस्पिटल यादीत नाही एवढ्या कारणावरून पैसे नाकारता येणार नाहीत, उपचार खरोखर झाले का हे बघायचं. तो निकाल सीजीएचएसच्या प्रकरणातला, पण ईसीएचएसचे दर आणि पद्धत त्यावरच बेतलेली आहे, तेव्हा न्यायही तोच हवा. क्लेम फेटाळून आला तर अपिलात हा निकाल जोडा. पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर तो कुणी तुम्हाला सांगणार नाही.

मिलिटरी हॉस्पिटलबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण आमचे लोक त्यावर बोलायला घाबरतात. नवऱ्याच्या नोकरीला बाधा येईल अशी भीती असते. एमएचमधले डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मुलगा लहान असताना आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो. एका रात्री तापाने त्याला झटका आला. एमआय रूमला, म्हणजे छावणीतल्या छोट्या दवाखान्यात, धावले. तिथे रात्रीचा एकटा नर्सिंग असिस्टंट. बिचाऱ्याने ऑक्सिजन लावला, ताप उतरायची सपोझिटरी दिली, पण ड्यूटी डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर शोधायचा होता. मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं: हजबंड का नंबर, रँक, युनिट? मुलाचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेच्या अधिकृत नोंदीत) आलंय का? डिपेंडंट कार्ड? पोराचे डोळे वर गेलेत आणि मी युनिटचा पूर्ण पत्ता आठवतेय. एमएचला पोचल्यावर मात्र मुलांच्या डॉक्टर मॅडम मध्यरात्री घरून आल्या आणि पहाटेपर्यंत हलल्या नाहीत. उपचारात कधी कमी पडलं नाही. अडलं ते दारातच अडलं.

नवीन लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरला होईपर्यंत कागदोपत्री त्या कुणाच्याच नसतात. ईसीएचएसचं नवं कार्ड यायला वेळ लागतो, तोवर टेम्पररी स्लिप देतात. ती नियमाने चालते, पण रात्रीच्या काउंटरला छापील कागद दाखवला की "हे कार्ड नाही" असं उत्तर येतं. आता अग्निवीर होऊन चार वर्षांनी परतणारी मुलं आमच्या गावांत येतील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसही नाही. त्यांच्या आईवडिलांनी कॅज्युअल्टीत काय दाखवायचं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

माझं मागणं फार मोठं नाही. पॅनेलवरच्या प्रत्येक हॉस्पिटलात रात्री-अपरात्री सही करू शकेल असा ईसीएचएसचा एक नेमलेला माणूस हवा, आणि पॉलिक्लिनिकचा एक फोन चोवीस तास उचलला गेला पाहिजे. हजारो लोकांमागे एक पॉलिक्लिनिक दिलंय आणि ते दुपारी बंद होतं. हार्ट अटॅक काही ओपीडीची वेळ बघून येत नाही. कार्डाला एक नाही, दोन मोबाइल नंबर जोडता यावेत, दुसरा घरी असणाऱ्या माणसाचा. कॅशलेस बंद केलं असेल तर हॉस्पिटलने ते ईसीएचएसला आधी कळवावं, आणि कुठलं चालू, कुठलं बंद ही यादी दर आठवड्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि व्हॉट्सॲपवर यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर बायांनो, हे करून ठेवा. घरातल्या प्रत्येकाच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आपल्या फोनमध्ये हवेत, नवऱ्याच्या नाही. नोंदवलेला नंबर बदलून घरी असणाऱ्याचा करून घ्या. पॉलिक्लिनिकच्या ओआयसींचा (प्रमुख अधिकाऱ्यांचा) नंबर फ्रिजवर चिकटवा. पॅनेलबाहेर ॲडमिट केलं की त्याच रात्री पॉलिक्लिनिकला ईमेल टाका, म्हणजे ४८ तासांचा पुरावा राहतो. आपण नोकरीवाल्याच्या घरचे असू तर युनिटलाही तेव्हाच कळवा. डॉक्टरांकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट डिस्चार्जच्या आधी घ्या, नंतर त्यासाठी चकरा माराव्या लागतात. कॅशलेस नाकारलं तर काउंटरवरच्या माणसाचं नाव, वेळ, तारीख लिहून ठेवा. आणि पेशंटचा ईसीजी होईपर्यंत एक माणूस पेशंटजवळ, एक काउंटरवर, दोघेही काउंटरवर जाऊ नका.

येत्या महिन्यात आमच्या तालुक्याचा माजी सैनिक मेळावा आहे. तिथे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना आणि स्टेशन हेडक्वार्टरला द्यायचं निवेदन आम्ही लिहितोय. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जिथे कुठे कॅशलेस नाकारलं गेलंय किंवा क्लेम अडकलाय, त्यांनी बिलाची, डिस्चार्ज कार्डाची आणि मिळालेल्या उत्तराची झेरॉक्स घेऊन या. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा, पेशंटचं नाव झाकून. वीरनारी आणि पेन्शनीवरच्या आज्यांना कुणीतरी सोबत घेऊन या, त्यांची प्रकरणं आधी ठेवणार आहोत.