बॉस रडायला लागला की समजावं, कुणीतरी पोरगं मरणार

"कशाला बघायची ती मारामारी आणि रक्त?" असं गुंडांच्या सिनेमांबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी किंजी फुकासाकूचा 'बॅटल्स विदाऊट ऑनर अँड ह्युमॅनिटी' (१९७३) हा जपानी सिनेमा बघायला सांगतो. रक्त यातही भरपूर आहे, पण तो बघून कुणालाही याकुझा, म्हणजे जपानी टोळीतला गुंड, व्हावंसं वाटणार नाही.

सुरुवातीलाच पडदाभर अणुबॉम्बचा ढग, आणि मग १९४६ सालचा, हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातला काळाबाजार. युद्धावरून परतलेला, हाताला काम नसलेला शोझो हिरोनो तिथे टोळीत ओढला जातो. बुन्ता सुगावाराने तो असा केलाय की नजर हटत नाही. तोवर जपानी पडद्यावरचा याकुझा म्हणजे किमोनोतला, शब्दाला जागणारा मर्द. तोएई कंपनीने असे सिनेमे ढिगाने काढले होते, आणि त्या प्रतिमेच्या चिंधड्या उडवणारा हा सिनेमाही तिनेच काढला. मूळ आधार कोझो मिनो या खऱ्या याकुझाने तुरुंगात लिहिलेल्या आठवणींचा.

इथे माणूस मारणं हे घाणेरडं, घाबरट काम आहे. हात थरथरतात, नेम चुकतो, मरणारा गुरासारखा ओरडत लोळतो. मग चित्र गोठतं आणि पडद्यावर त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख उमटते. माफी मागण्यासाठी हिरोनो करंगळी कापतो तो प्रसंग बघाच. ते कसं करायचं हेच कुणाला धड माहीत नसतं. तुटलेलं बोट उडून अंगणात जातं आणि सगळे वाकून ते शोधत बसतात. शेवटी सापडतं कोंबड्यांच्या खुराड्यात!

पण मला खरा संताप येतो तो यामामोरीचा. नोबुओ कानेकोने रंगवलेला हा हिरोनोचा बॉस स्वतः कधी शस्त्र उचलत नाही. दुसऱ्या टोळीच्या प्रमुखाला उडवायचं असतं तेव्हा तो पोरांसमोर ढसाढसा रडतो, आणि हिरोनो पुढे होतो. खून करून तुरुंगात जातो हिरोनो, धंदा वाढतो यामामोरीचा. फुकासाकू स्वतः पंधराव्या वर्षी युद्धसामग्रीच्या कारखान्यात राबत होता. तोफांच्या माऱ्यात मेलेल्या सोबत्यांचे देह त्याला गोळा करावे लागले होते. पोरांना मरायला धाडून स्वतः सुखरूप राहणाऱ्या मोठ्यांबद्दलची चीड या सिनेमाच्या प्रत्येक फ्रेममध्ये आहे, ती तिथूनच आलीय असं मला ठामपणे वाटतं.

हिरोनोचा टोळीतला साथीदार साकाई खेळण्यांच्या दुकानात मारला जातो आणि त्याच्या अंत्यविधीला हेच बॉस लोक फुलांची मोठमोठी चक्रं लावून गंभीर चेहऱ्याने बसतात. हिरोनो येतो आणि त्या सगळ्या सजावटीवर गोळ्या झाडतो. यामामोरी दरडावतो, तेव्हा त्याचं उत्तर एवढंच, की गोळ्या अजून शिल्लक आहेत.

पुढचे चार भाग १९७३-७४ मध्येच आले. क्रमानेच बघा. पात्रं खूप आहेत, नावांचा गोंधळ उडेल, उडू द्या. पोरं पटापट मरतात, त्यांच्या जागी नवी येतात. यामामोरी मात्र पाचही भागांत जिवंत आहे.