फ्रेमला तडा गेला आणि कंपनीचा पहिला प्रश्न

फ्रेमला तडा गेलाय असं कळवलं की सायकल कंपनीकडून जो पहिला प्रश्न येतो तो "कुठे गेलाय" हा नसतो, "सायकल कधी पडली होती का?" हा असतो. आता मला सांगा, वापरात असलेली कुठली सायकल आयुष्यात एकदाही पडलेली नाही? स्टँडवरून कलंडते, भिंतीला टेकवलेली घसरते, शेजारची सायकल तिच्या अंगावर पडते. माणूस सरळ मनाने लिहितो की हो, एकदा उभ्या उभ्या पडली होती, आणि तिथेच केस संपते, कारण पुढच्या मेलमध्ये त्याचं "अपघातामुळे झालेलं नुकसान" झालेलं असतं आणि अपघात वॉरंटीत बसत नाही.

या सगळ्यातून बरेच महिने गेलोय म्हणून जरा लांबलचक लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कमेंटमध्ये विचारू नका, कारण बाकीच्या कंपन्यांच्या वॉरंटीची बारीक अक्षरं वाचून बघा, थोड्याफार फरकाने तीच कलमं आहेत. पहिला मालकच हवा, बिल हवं, अधिकृत डीलरकडून घेतलेली हवी, "नेहमीची झीज" धरली जाणार नाही, फ्रेम बदलून दिली तरी मजुरी आणि वाहतूक तुमची.

माझी फ्रेम अॅल्युमिनियमची. आधी नुसती कटकट यायची, चढावर उभं राहून पेडल मारलं की. सगळे करतात तसं मीही बॉटम ब्रॅकेट (बीबी, म्हणजे पेडलचे दांडे, क्रँक, ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग) काढून साफ केलं, पेडल काढून ग्रीस लावून परत घट्ट केले, सीटपोस्टसुद्धा (सीटखालचा दांडा) काढून पुसला, आवाज तसाच. मग धुताना उजव्या चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), बीबीच्या वेल्डच्या अगदी कडेला, केसाएवढी काळी रेघ दिसली. फडक्याने पुसली तरी जाईना, नख फिरवलं तर किंचित अडकलं. मागचा ब्रेक दाबून धरला आणि उजव्या पेडलवर वजन टाकलं तर ती रेघ चक्क उघडताना दिसली, वजन काढलं की मिटली. म्हणजे नुसता रंग तडकलेला नाही हे तिथेच कळलं. त्या क्षणापासून सायकल बंद, ती आजतागायत.

आता वेल्डच्या कडेला हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू मऊ पडतो, म्हणून ६०६१ अॅल्युमिनियमची फ्रेम वेल्ड झाल्यावर हीट ट्रीटमेंट करून परत कडक करावी लागते. (म्हणूनच कुणी "अहो, वेल्ड करून घ्या की बाहेरून" म्हणालं तर ऐकू नका, स्टीलचं तसं जमतं, याचं नाही.) शिवाय स्टीलला एक मर्यादा असते, त्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी तडा जात नाही, अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान ताणसुद्धा हळूहळू साठत जातो. त्यामुळे चेनस्टे, बीबी, वेल्डची कडा ही थकव्याने तडा जायची अगदी ठरलेली जागा आहे. हे काही मी शोधून काढलेलं नाही, कंपनीच्या इंजिनियरला माझ्यापेक्षा दहापट जास्त माहीत असणार. पण तुमचा मेल इंजिनियरकडे जातो कुठे? तो जातो कस्टमर केअरकडे, आणि तिथल्या माणसासमोर असतो एक फॉर्म आणि तुम्ही पाठवलेले फोटो.

फोटोंवरून निकाल! फ्रेम हातात न घेता. मोबाईलवर काढलेल्या चार-पाच फोटोंवरून "आमच्या क्वालिटी टीमने तपासणी केली असून सदर नुकसान बाह्य आघातामुळे झाल्याचे आढळले आहे." मी साधं विचारलं, कुठल्या फोटोत आघात दिसतोय तिथे लाल गोल करून पाठवा. समोरून धडक बसली तर हेडट्यूबच्या (हँडलखालची नळी) मागे डाउनट्यूबला (तिथून खाली बीबीकडे येणारी नळी) फुगवटा येतो, सुरकुती पडते, तिथला रंग तडकतो, ते इथे नाही. चेनस्टेवर पोचा नाही, ओरखडा नाही, चेन अडकून खाल्ल्याची खूण नाही. मग आघात कुठून झाला, आतून? यावर उत्तर आलं ते शब्दन् शब्द पहिल्यासारखंच, फक्त खाली सही करणारा वेगळा आणि वर "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद".

माझं म्हणणं एवढंच आहे की जो अपघात म्हणतो त्याने अपघाताची खूण दाखवावी. वॉरंटी देताना कंपनी म्हणते आमचा आमच्या मालावर विश्वास आहे, आणि क्लेम आला की निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं गिऱ्हाइकाने, ते पण अशा गोष्टीचं जी घडलीच नाही. न घडलेल्या अपघाताचा पुरावा आणायचा कुठून? उलट त्यांच्याकडे उपाय आहे. फ्रेम मागवा, तडा उघडून बघा, थकव्याने गेलेला तडा आणि एका दणक्यात तुटलेला धातू आतून वेगवेगळे दिसतात, थकव्याच्या तड्यात बऱ्याचदा एकामागे एक बारीक वळ्या दिसतात आणि शेवटी जिथे सुटलं तेवढा भाग खरखरीत असतो. पण त्याला खर्च आहे, आणि नकाराच्या मेलला खर्च नाही.

मध्येच एकदा त्यांनी आयएसओ ४२१० हे सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक फेकलं तोंडावर. आमच्या फ्रेम या मानकाप्रमाणे टेस्ट केलेल्या आहेत म्हणे. बरं, असतील. त्या टेस्टमध्ये दोन्ही पेडलवर आलटूनपालटून जोर देत १,००,००० फेरे करतात, चांगली कडक टेस्ट आहे, मला आदरच आहे. पण ती होते नमुन्याच्या फ्रेमवर. नमुना पास झाला म्हणून माझ्या फ्रेमचा वेल्ड नीट झालाच होता हे कसं काय ठरलं? मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट म्हणतात तो याच्यासाठीच ना, की डिझाइन बरोबर असतं आणि एखादा पीस चुकतो.

कंपनीची बाजू अजिबात कळत नाही असं नाही. रोड बाइकवरून उड्या मारून फ्रेम मोडणारे आणि मग "अहो, आपोआप झालं" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत, सीटपोस्ट मिनिमम इन्सर्शनच्या (किमान एवढा आत हवाच) खुणेच्या वर काढून सीटट्यूब, म्हणजे तो ज्या नळीत बसतो ती, फाडणारे पण पाहिलेत. पण त्यांच्यामुळे प्रत्येकाकडे चोर म्हणून बघायचं हे काही बरोबर नाही. आणि डीलर बिचारा मधल्यामध्ये, कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते, आपण त्याच्यावर ओरडतो, आणि त्याच्या हातात असतं फक्त फोटो अपलोड करणं.

शेवटी मंजूर झालं. का झालं ते सांगितलं नाही. "विशेष बाब म्हणून" झालं, म्हणजे चूक आमची नाहीच पण जा, दिली. मी लाल गोलाची मागणी दर मेलला तशीच्या तशी चिकटवत राहिलो, बहुतेक कंटाळले.

आणि खरी मजा मंजुरीनंतर सुरू होते बरं का, याबद्दल कुणी बोलत नाही. माझं मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे "समतुल्य" फ्रेम. माझा मागचा हब (चाकाच्या मधला भाग) १३५ मिमी रुंद, क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणारा बारीक अॅक्सल), नवी फ्रेम १२×१४८ थ्रू अॅक्सलची (१२ मिमी जाड आरपार अॅक्सल, हब १४८ मिमी रुंद). सीटपोस्ट २७.२ चा, नवी सीटट्यूब ३१.६ ची, त्याला शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) लावून भागतं, पण मागच्या चाकाचं काय? १४२ असती तर काही हबना एंड कॅप (टोकाच्या टोप्या) बदलून जमतं, १४८ ला डिस्कची जागा सरकते, चेनलाइन (चेन ज्या रेषेत धावते ती) सरकते, म्हणजे नवं चाक घ्या आणि क्रँकचंही बघा. रिम ब्रेकवाल्यांची तर याहून वाईट गत, बहुतेक नवीन फ्रेमला रिम ब्रेक लावायला जागाच नसते. फ्रेम फुकट आणि ती चालवायला निम्मी सायकल विकत, हे मंजुरीच्या मेलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

तेव्हा ज्यांची केस चालू आहे त्यांना एक सांगतो. मंजुरीबरोबर बऱ्याच कंपन्या जुनी फ्रेम कापून तिचा फोटो पाठवा म्हणतात, सिरियल नंबर दिसला पाहिजे वगैरे. लगेच हॅक्सॉ घेऊन बसू नका. आधी मागच्या हबची रुंदी, अॅक्सल, बीबी, सीटट्यूबचा व्यास, हेडट्यूब, ब्रेकचं माउंटिंग हे सगळं नव्या फ्रेमचं लेखी मागा, आपल्या पार्टशी ताडून बघा, जे बसत नाही ते कोण देणार हे मेलवर घ्या, फोनवर नाही. एकदा कापली की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही आणि त्यांना घाई उरत नाही. माझी अजून अख्खी आहे, चाकाचं उत्तर आल्याशिवाय कापणार नाही असं कळवलंय.

पडली होती का म्हणून विचारलं तर काय लिहायचं ते इनबॉक्समध्ये विचारा.