'घाबरवू नका' म्हणणाऱ्या ताईंना

ताई (नाव टाकलेलं नाही, लिहिण्यावरून ताई वाटताय, दादा असाल तर दादा), गरोदरपणात पाचव्या महिन्यात बीपी फार वाढतं त्या आजारावर (प्री-एक्लॅम्प्सिया) मी लिहिलं, की आईला वाचवायला कधी पोट रिकामं करावं लागतं, त्याला तुमची लांबलचक कमेंट आली. "डॉक्टर नसताना असलं लिहून गरोदर बायकांना घाबरवू नका", शिवाय औषधं देऊन बाळंतपणासाठी थांबता येतं हे लपवलं, अ‍ॅस्पिरिनचा चकार शब्द नाही, वगैरे.

अ‍ॅस्पिरिनचं मान्य. आधीच्या खेपेला हा त्रास झालेला असेल, जुनं बीपी किंवा शुगर असेल तर 12 आठवड्यांनंतर हा त्रास टळावा म्हणून डॉक्टर तिची कमी पॉवरची गोळी सुरू करतात, हे यायला हवं होतं. झालं?

आता ते 'घाबरवू नका'. डॉक्टर नाहीच मी, पण तुम्ही तरी आहात असं कुठं लिहिलंय? आणि हे असं दरडावून बोलायची पद्धत कुठली हो, माझ्या सासूबाईंनी पण कधी हा सूर लावला नाही. माझ्या धाकट्या जावेला कुणीच घाबरवलं नव्हतं बघा. डोकं दुखतंय म्हटलं की पित्त, पायाची जोडवी निघेनात म्हटलं की "गरोदरपणात सूज येतेच की", छातीखाली दुखतंय तर गॅस. सगळे लै प्रेमानं सांगत होते. नेलं तेव्हा बीपी 180 वर 120, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरलेल्या आणि 22 वा आठवडा. डॉक्टर म्हणाले आईला वाचवायचं तर पोट रिकामं करावं लागेल, आणि आमच्या घरात मीटिंग बसली, अजून पंधरा दिवस बघू म्हणून! तिकडं तिला धुरकट दिसायला लागलं होतं. जाऊ वाचली, बाळ गेलं. आजही बीपीची गोळी चालू आहे तिची. तर घाबरवायचं कुणी नव्हतं म्हणूनच उशीर झाला, आणि तुम्ही मला शिकवताय.

थांबता येतं की, कोण नाही म्हणतंय, पण कधी ते वाचलंत का नीट? 24 ते 34 आठवड्यांत, आई आणि बाळ दोघं स्थिर असतील तर, तेही ॲडमिट ठेवून, बीपीसाठी लॅबेटालॉल नाहीतर निफेडिपीन, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम (2002 च्या मॅगपाय ट्रायलमध्ये, म्हणजे या औषधाच्या चाचणीत, 10,000 च्या वर बायका होत्या, झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला), आणि रोज तपासण्या. 24 च्या आत तसं नाही. तिथं थांबून बाळ हाताला लागणं फार कमी, आणि आईची किडनी, लिव्हर, मेंदू सगळं पणाला. दुखणं वारेतून (बाळाला पोसणारी ती) सुरू होतं, वार बाहेर पडल्याशिवाय उतरायला लागत नाही, गोळ्यांनी फक्त बीपी दाबलं जातं. बाळंत झाल्यावरही काही दिवस झटक्याची भीती असतेच.

पोट रिकामं करणं 'पाप' वगैरे जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही. आईचा जीव वाचवायला लगेच गरज असेल तर कायद्यातली आठवड्यांची मर्यादा आडवी येत नाही, एवढं सांगते. तुमचा मीठ बंद करायचा उपाय तर सोडूनच देते, त्यानं हे टळत नाही.

अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून बायका मेसेज करून विचारतात, वरचं बीपी 160 झालंय, सकाळपर्यंत थांबू का? मी सांगते थांबू नका, आत्ता गाडी काढा, मोठ्या दवाखान्यात जा. हे घाबरवणं असेल तर असू दे.

कमेंट डिलीट करत नाहीये. पुढच्या वेळी नाव टाकून लिहा.