बारा क्विंटलचा बेस

घरी हाय-फाय सिस्टीम लावायचा छंद जडवून घ्यायचा असेल, तर आधी गुणाकार विसरा. तालुक्याच्या दुकानात पहिलं जे खोकं तुमच्यासमोर ठेवतील त्यावर ५००० वॅट पीएमपीओ, म्हणजे म्हणे क्षणभराची कमाल ताकद, असं ठसठशीत छापलेलं असेल आणि आत निघेल १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा अडॅप्टर. बारा दुणे चोवीस, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. तुम्ही सांगू नका. उरलेले ४९७६ वॅट कुठून येतात असं विचारणारा माणूस या छंदात टिकत नाही. तो शेवटी किराणा दुकान टाकतो आणि सुखी होतो.

माझी सुरुवात ४४४० नंबरच्या आयसीवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या चिपवर झाली. दोन चॅनेलला सहा-सहा वॅट, दोन्ही ब्रिज करून एक केले तर १९. बायकोच्या बेसनाच्या डब्यात बसवला होता. आवाज बरा होता, म्हणजे छंदाच्या दृष्टीनं काही उपयोगाचा नव्हता. बऱ्या आवाजात सुधारायला काय उरतं?

सुधारणा एकट्यानं होत नाही. त्यासाठी गावात तीन माणसं गाठा. एक मोटार वाइंडिंगवाला, कारण ट्रान्सफॉर्मर तोच गुंडाळून देतो. एक गुरुजी, कारण त्यांनी यावर वाचलेलं असतं. आणि एक कृषी केंद्रवाला, कारण त्याच्याकडे पैसे असतात. चौथ्याला बोलावू नका. तो खाटेवर बसून गाणं ऐकतो आणि वर "गाणं छान आहे" म्हणतो.

रविवारी चौघांनी एकाच्या घरी जमायचं. यजमानानं काहीतरी बदललेलं असतं, ते त्यानं सांगायचं नाही आणि बाकीच्यांनी ओळखायचं. डोळे मिटा, मान किंचित तिरपी करा, पहिल्या कडव्यापर्यंत गप्प राहा. मग "मोकळं झालं" म्हणा. काय मोकळं झालं ते सांगण्याची पद्धत नाही. पेनड्राइव्हमधली गाणी बसस्टँडवरच्या मोबाइलवाल्यानं १२८ केबीपीएसमध्ये, म्हणजे दर्जा घटवून, कोंबून भरलेली असतात, तो विषय त्या दिवशी काढायचा नसतो.

वायरीचं प्रकरण मात्र सविस्तर शिका. आमच्या गुरुजींनी स्पीकरसाठी तीन मीटर वायर नागपुरावरून मागवली. किंमत मी सांगत नाही, गुरुजींच्या घरी हे वाचतात. त्याच आठवड्यात आमच्या वावरातली बोअर आटली आणि पाणबुडी मोटर वर काढली. तिची चपटी केबल होती अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. तीन मीटर नेऊन परत आणली तरी तिचा रोध ०.०५ ओहमही भरत नाही, आणि समोर स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे फुकटात काम झालं असतं. गुरुजींनी दोन्ही जोडून ऐकल्या आणि बोअरच्या केबलमध्ये "ओलसरपणा" आहे असा निकाल दिला. तुम्हीही मान्य करा. आटलेल्या बोअरमध्ये ओल कुठून, असं मनात आलं तर गिळा.

आता अर्थिंग. स्पीकरमधून बारीक घुंईऽऽ ऐकू येते, ती ५० हर्ट्झची लाइन आपल्याशी बोलत असते. इलाज म्हणजे अंगणात खड्डा, त्यात पत्रा, कोळसा आणि मीठ. खड्डा ओला राहिला तरच अर्थिंग धरतं, म्हणून उन्हाळ्यात त्याला रोज पाणी घालायचं. मे महिन्यात नळ चौथ्या दिवशी येतो, त्यामुळे हे काम पहाटे उरका. माझी वेळ एकदा चुकली. मी हंडा उपडा करत होतो आणि दारात बायको उभी.

"हंडाभर पाणी त्या खड्ड्याले पाजून राह्यले?"

मी म्हटलं, "आवाज स्वच्छ होतो."

"कडुनिंबाले टाकलं असतं तं सावली तरी पडली असती."

अशा वेळी वाद घालू नका. वाद घातला की घुंई ऐकू येत नाही, हे खरं, पण तो कायमचा इलाज नव्हे.

तसं मे महिन्यात ऐकायचं काही नसतंच. पारा ४५ वर गेला की कुलर लागतो, आणि कुलर लागला की ०.००१ टक्के डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज जवळपास न बिघडवणारा ॲम्प्लिफायर आणि बेसनाचा डबा यांत फरक करणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. कृषी केंद्रवाल्याने क्लास ए ॲम्प्लिफायर घेतला तोही मेमध्येच. गाणं नसतानाही तो पुरी वीज खातो आणि शेगडीसारखा तापतो. त्याच्यासाठी दुसरा कुलर घेतला.

खरा मोसम डिसेंबर-जानेवारीचा. शेतीची लाइन रात्रपाळीला असते, बाबा बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघून जातात आणि घर शांत होतं. इतकी शांतता पैसे देऊन मिळत नाही. रानडुकरं, साप, थंडी यांची काळजी वाटलीच तर आवाज थोडा कमी ठेवा, म्हणजे फोन आला तर ऐकू येईल.

आणि याच दिवसांत घरात कापूस असतो. हा मुद्दा शहरातल्या छंदिष्टांना कळणार नाही, तुम्हीच नीट समजून घ्या. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३.४ मीटर लांब. मऊ वस्तूनं ती गिळायची, तर लाटेच्या पाव लांबीएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडी हवी. शहरात भिंतीला दोन इंची फोम चिकटवतात, तो फक्त वरचे सूर खातो आणि बेस कोपऱ्यात घुमत बसतो. आमच्या बैठकीत मात्र बारा क्विंटल कापूस, कोपऱ्यापासून छतापर्यंत. टिनाचं छत, सिमेंटच्या भिंती, तरी टाळी वाजवली तर मागे काही उरायचं नाही. अंगाला खाज सुटते, पोरं रात्रभर खाजवतात, पण ढोलकीची थाप अशी यायची की बस्स.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ८११० रुपये. गावात येणारा व्यापारी त्याच्या खालीच बोलत होता. बाबांनी विचारलं, "काय करा, इकून टाकू का?" मी म्हटलं, "थांबा, भाव वाढते." बाबांनी माझ्याकडे कौतुकानं पाह्यलं. तुमच्याकडेही कोणी असं पाह्यलं तर नजर जमिनीकडे ठेवा, नम्रता दिसते.

मग मी ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाटेवरचा ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलायचं ठरवलं. जुना साधा इलेक्ट्रोलायटिक काढून फिल्मचा टाकायचा. तो घ्यायला नागपुरात बर्डीवर गेलो, मुक्काम पडला. परत येऊन जोडला आणि चौघं जमलो. गाणं लावलं. गुरुजींनी मान तिरपी केली, आणि कडवं संपायच्या आत डोळे उघडले. "मोकळं झालं! वरचे सूर बघा, कुठल्या कुठे गेले!" कृषी केंद्रवाला म्हणाला, खोलीच मोठी वाटते. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्यांदाच चौघांना पाय पसरून बसता आलं होतं. गुरुजींच्या पँटीला मागून सरकी चिकटली होती.

ओसरीतून बाबा म्हणाले, "कापूस गेला म्हणून घुमून राह्यलं ते."

गुरुजी समजुतीनं हसले. "बाबा, हा फिल्म कॅपॅसिटरचा फरक आहे. तुम्हाला नाही कळायचा."

मोटार वाइंडिंगवाला काही बोलला नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याची त्याची उधारी त्याच सकाळी फिटली होती.

तेव्हा सुधारणा नेहमी अशा दिवशी करा, ज्या दिवशी घरातून काहीतरी गेलेलं असेल. फरक हमखास ऐकू येतो.

मृग जवळ आला की ओसरीत बसून बाबा विचारतील, "यंदा काय पेराचं, सोयाबीन का पऱ्हाटी?" अडखळू नका. पऱ्हाटी सांगा, म्हणजे कापूसच. सोयाबीनची पोती कडक, त्यांत बेस मुरत नाही, आणि भाव आला की लगेच उचलून नेता येतात. बाबांना वाटेल, पोरगं वावराकडं लक्ष घालायला लागलं. वाटू द्या.