सायकल चालवून पिशवी सरकत नाही

राजापूर-लांज्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. तो म्हणतो: मोबाइलमुळे मुलं आळशी झाली, म्हणून शाळेत चालत जात नाहीत. शाळा दारात आल्या तरी यांना पाय उचलवत नाही. वयात आलेल्या मुलीने सायकल चालवली तर पिशवी, म्हणजे गर्भाशय, सरकते आणि पुढे मूल राहत नाही. सरकारने मुलींना सायकली वाटून पैसा बुडवला. त्यापेक्षा दहावीच्या मुलांना सरळ स्कूटर द्या, वेळ वाचेल. खाली ‘एका डॉक्टरांकडून साभार’. डॉक्टरांचं नाव नाही, गाव नाही.

एरवी अशा मेसेजना मी उत्तर देत बसत नाही. पण हा वाचून माझ्या वहिनीने नववीतल्या भाचीच्या सायकलला कुलूप घातलं आणि आता एसटी चुकली की पोरीची शाळा बुडते. म्हणून लिहिते.

आधी पिशवीचं. गर्भाशय ओटीपोटात, हाडांच्या कड्याच्या आत, स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं. सायकलवर बसल्यावर भार येतो तो बुडाच्या हाडांवर. अंग, म्हणजे गर्भाशय, खाली येण्याची कारणं कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा: पाठोपाठची बाळंतपणं, अवघड प्रसूती, बाळंतपणानंतर लगेच उचललेली जड ओझी, जुनाट खोकला, उतारवय. शाळकरी मुलीची सायकल या यादीत येतच नाही. मूल न राहण्याशीही तिचा काही संबंध नाही. उलट नियमित व्यायामाने पाळीतलं दुखणं बऱ्याच जणींना कमी होतं.

आणि मला संताप येतो तो याचा, की मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की याच वयाच्या मुली डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घाटी चढतात. पातेऱ्याचे, म्हणजे वाळल्या पानांचे, भारे आणतात. तेव्हा घरातल्या कुणाला पिशवी आठवत नाही. ती आठवते मुलगी एकटी, स्वतःच्या वेगाने, वाडीच्या बाहेर जायला लागली की.

मेसेजमध्ये नसलेली, पण बायका आपसांत बोलतात ती दुसरी भीती ‘पडद्या’ची, म्हणजे सायकलने योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा फाटेल याची. तेही स्पष्ट सांगते. तो पडदा पाहून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही आणि ती बंद व्हावी, असं जाहीर केलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात बायका सायकल चालवू लागल्या तेव्हा तिथल्या काही डॉक्टरांनीही पिशवीचं हेच भय घातलं होतं. सव्वाशे वर्षांनी ते आपल्या ग्रुपवर ‘साभार’ येतंय.

सायकली वाटून पैसा बुडाला म्हणणाऱ्यांनी बिहारचं उदाहरण बघावं. तिथे २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकल द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या मुलग्यांशी आणि शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिल्यावर दिसलं ते असं: माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांतली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या. फरक मुख्यतः पडला तो शाळेपासून लांबच्या गावांत. त्या गावांतल्या मुलींचा आळस सायकल मिळताच गेला असं कुणी म्हणणार आहे का? वाट तीच होती, ती कापायला लागणारा वेळ आणि वाटेवरची भीती कमी झाली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्यामागचा विचारही हाच आहे. आमच्याकडच्या प्रत्येक वाडीला सायकल उपयोगाची नाही, हे मला मान्य. जिथे निम्मा रस्ता ढकलतच न्यावी लागते तिथे एसटीच हवी, आणि ती मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत आहे.

आता आळसाचं. रात्री बारापर्यंत मोबाइल बघून सकाळी उशिरा उठणारी, मग बाबांच्या गाडीवर मागे बसून जाणारी मुलं आहेत. हाकेच्या अंतरावर शाळा असून गाडीनेच सोडणारे आईबापही आहेत. तेवढं खरं. पण ‘आम्ही पाच मैल चालायचो’ म्हणणारे कसे चालायचे? वाडीतली सगळी पोरं एकत्र, पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उतरून, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, सरळ. आज ती पाखाडी रानाने गिळली आहे. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, अंतर दुपटीने वाढलं आणि वर डंपर. आणि सोबत कुठे आहे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ८२ हजारांनी कमी झाली. घरं मुंबईला गेली, पोरंही गेली. उरलेल्या एकट्या मुलीने संध्याकाळी पावसात, दिवा नसलेल्या वाटेने यायचं. या वयाच्या मुलांना पायाच्या श्रमांपेक्षा सोबत मोलाची वाटते. दोन मैत्रिणी चालणार असतील तर तिसरी आपणहून निघते, आणि वर्गातली सगळी गाडीवरून येत असतील तर सायकलवाल्याला हिणवतात, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे.

शाळा दारात आल्याचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. नववी-दहावीला हा नियम लागूच नाही, आणि हायस्कूल बहुतेक ठिकाणी बाजारपेठेच्या गावातच आहे.

स्कूटर द्या म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला नाही. सोळा ते अठरा वयात बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालते, ती बाजारात मिळणं मुश्कील. नेहमीची स्कूटर दिली आणि पोराने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातात मेलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते. चालणारेही जवळपास वीस होते, म्हणून आईबापांच्या भीतीला मी हसत नाही. पण ती भीती आहे म्हणूनच वाट नीट करून मागायला हवी.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे: दर वर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पाखाडीवरचं रान तोडावं, साकवाला कठडा बसवावा, वाडीच्या वळणावर दिवा लावावा, आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ हायस्कूल सुटण्याशी जुळवावी म्हणून आगाराला ठराव पाठवावा. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्या दिवशी यावं आणि हात वर करावेत.